डोंगराची बेंबी

आमच्या पार्दा बेटावर मिठाचा एक खडा पिकत नाही, तरी बेटाच्या दक्षिण टोकाला मिठाचा डोंगर उभा असतो. समोरच्या किनाऱ्यावरच्या मिठागरांतून पडाव भरभरून येतात, इथे रिकामे होतात, आणि मग लांबलांबची मोठी जहाजं येऊन तो डोंगर घेऊन जातात. पोतं नाही, पेटी नाही, कागदाचा कपटा नाही. मीठ पडावातून उघडं येतं, डोंगरावर उघडं पडतं आणि जहाजाच्या पोटात उघडंच जातं. नव्या माणसाला वाटतं, नुसतं ओतायचं तर काम, त्यात कसली आलीय अक्कल! अशा माणसाला मी काही बोलत नाही. पहिल्या दिवशी त्याला वाऱ्याच्या तोंडाला उभा करते. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे लाल होतात आणि तोंड आपोआप बंद होतं.

मी क्रिसांता, या धक्क्याची मुकादम. जहाज धक्क्याला लागल्यापासून सुटेपर्यंत कुठल्या खणात किती मीठ आणि कधी, हे मी ठरवते. एकाच खणात ओतत बसलात तर एवढ्या मोठ्या जहाजाचीही पाठ मोडते. माझ्या हाताखाली एकाही जहाजाची मोडलेली नाही. ही फुशारकी आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे, खोटी तरी नाही.

आमचं काम वरून दिसतं त्यापेक्षा जास्त खालून चालतं. डोंगराच्या पोटाखाली काँक्रीटचा बोगदा आहे आणि बोगद्याच्या छताला एका ओळीत तोंडं आहेत. हवं ते तोंड उघडलं की मीठ खाली पट्ट्यावर पडतं. पट्टा बोगद्यातून बाहेर येतो, धक्क्यावर चढतो आणि जहाजात ओततो. खालून मीठ निघायला लागलं की वर डोंगरावर खळगा पडतो. त्याला आम्ही बेंबी म्हणतो. डोझरवाल्यानं बेंबीच्या काठाकाठानं फिरायचं आणि चहूबाजूंनी मीठ तिच्यात लोटायचं, म्हणजे खालचा पट्टा उपाशी राहत नाही.

या कामातला पहिला नियम असा, की बेंबी दिसल्याशिवाय डोंगरावर चढायचं नाही. खाली तोंड उघडं आहे, मीठ धो धो चाललंय आणि वर खळगाच नाही, तर समजायचं की डोंगर आतून पोकळ झालाय आणि वर नुसतं कवच उरलंय. आमच्याकडचं धुकं मिठाला भिजवतं, मागून ऊन येऊन त्याला भाजतं. असं कवच घराएवढं वजन पेलतं. जोवर पेलतं तोवर पेलतं, मग एका क्षणी पेलत नाही. आत गेलेला माणूस मिठात बुडतो, आणि मिठात पोहता येत नाही.

हा नियम मला ताता फिदेन्सिओंनी शिकवला.

ताता म्हणजे माझे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातावर घेऊन उभे होते तेच. म्हणे मी पाद्रीबाबांच्या अंगावर लाथ झाडली आणि ताता भर चर्चमध्ये खो खो हसले. माझा बाप मासेमारीला गेला तो परत आला नाही, त्यानंतर मला डोझरवर स्वतःच्या शेजारी बसवून काम शिकवलं ते याच माणसानं. अख्ख्या बेटावर त्यांच्या तोडीचा डोझरवाला नव्हता. पिवळ्याधमक यंत्राला त्यांनी पालोमा असं नाव दिलं होतं, आणि ओतिलियाकाकू, त्यांची बायको, चारचौघांत म्हणायची, "माझ्याशी एवढं गोड बोलले असते तर मला आणखी चार पोरं झाली असती."

पण तीन वर्षांपूर्वी जुना मुकादम निवृत्त झाला आणि ती जागा मला मिळाली. सगळ्यांना वाटत होतं ती तातांना मिळणार. तातांना तर खात्रीच होती. मी लायक होते म्हणून मला मिळाली, त्यात मी ओशाळं व्हायचं काही कारण नव्हतं आणि झालेही नाही. ताता भांडले नाहीत. त्यांनी फक्त दोन गोष्टी केल्या. एक, मला कधी मुकादम म्हटलं नाही. "ए पोरी" म्हणायचे, पूर्वीसारखंच. आणि दुसरी गोष्ट टोपीची.

त्यासाठी भोंग्याचं सांगायला हवं. आमच्या धक्क्यावर भोंग्याचे दोन मान आहेत. जहाज भरून सुटलं की एक लांब भोंगा देतं, तो मुकादमाचा. तेव्हा धक्क्यावरचा प्रत्येक माणूस डोक्यावरची टोपी काढतो. दुसरा मान तीन भोंग्यांचा, आणि तो माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. निवृत्त होणाऱ्यानं शेवटच्या जहाजाचं शेवटचं मीठ लोटलं की जहाज त्याच्यासाठी तीनदा वाजतं. ते ऐकलं की त्यानं आहे तिथे इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, पायाखालचं मूठभर मीठ उचलून खिशात टाकायचं आणि पायी डोंगर उतरायचा. पुन्हा यंत्राला हात लावायचा नाही. लावला तर ते जहाज बंदराला लागत नाही, असं आमच्यात मानतात. मी मानते का? समुद्राच्या काठावर राहणाऱ्याला असले प्रश्न विचारू नयेत. ते मूठभर मीठ त्या रात्री त्याच्या घरच्या पातेल्यात पडतं. बायको रस्सा आळणी शिजवून वाट बघत बसते.

तर गेल्या तीन वर्षांत किती जहाजं सुटली, माझा भोंगा किती वेळा वाजला, पण तातांची टोपी एकदाही डोक्यावरून हलली नाही. त्या वेळेला ते मुद्दाम बूट पुसत बसायचे. मला ते लागायचं. खोटं कशाला बोलू, फार लागायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. ते तातांचं शेवटचं जहाज होतं.

आठवडाभर दाट धुकं होतं, त्यामुळे जहाज बाहेर समुद्रातच अडकून पडलं होतं आणि डोंगराला कुणी हात लावला नव्हता. शेवटी धुकं जरा विरळ झालं तेव्हा पहाटे ते धक्क्याला लागलं. कॅप्टन मकाराएग, फिलिपाइन्सचा माणूस, बारीक मिशा, बोलणं अर्धं आमच्या भाषेत आणि अर्धं हातवाऱ्यांत. आमच्याकडे तो इतक्या वेळा आलाय की ओतिलियाकाकूच्या हातच्या रोट्या कधी खारट होतात तेही त्याला माहीत आहे. मी त्याला सांगून ठेवलं होतं, "संध्याकाळी तीन वाजवायचेत, ताता फिदेन्सिओंचे." तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, असे वाजवतो की किनाऱ्यावरची गाढवं बिथरतील."

ताता सकाळी आले ते नवा शर्ट घालून. इस्त्रीचा! मिठाच्या डोंगरावर इस्त्रीचा शर्ट!

"काय ताता, लग्न आहे का आज?" बोगद्याच्या तोंडाशी पट्टा सांभाळणारा नेमेसिओ ओरडला.

"तुझ्या आईचं," ताता म्हणाले आणि डोझरवर चढले.

मी नेहमीप्रमाणे वॉकीटॉकीवर विचारलं, "तिसरं तोंड उघडलंय, ताता. बेंबी दिसते का?"

थोड्या वेळानं उत्तर आलं, "दिसते, पोरी. चांगली डोळ्यांसमोर आहे."

"मग चढा."

आणि ते चढले. धुकं पुन्हा एवढं दाटलं होतं की मला धक्क्यावरून डोंगर दिसत नव्हता, नुसता पालोमाचा आवाज ऐकू येत होता. पट्ट्यावर मीठ मात्र झकास येत होतं. पहिला खण भरला, दुसरा भरला, मी खणांची पाळी बदलत राहिले, कॉफी प्यायले. कॅप्टन वरून अंगठा दाखवत होता. मी खुशीत होते. एवढं सुरळीत काम असलं की मला गाणं सुचतं, आणि माझं गाणं सुरू झालं की नेमेसिओ कानात बोटं घालतो.

उन्हं वर आली आणि धुकं एकदम फाटलं. डोंगर स्वच्छ दिसला. मी सहज मान वर केली, आणि माझं गाणं तिथेच तुटलं.

पालोमा बेंबीच्या काठावर उभी होती. ताता पातं भरून मीठ लोटत होते, मीठ बेंबीत पडत होतं आणि तिथेच बसत होतं. बेंबी जवळजवळ काठोकाठ भरली होती. खाली दोन खण भरण्याइतकं मीठ निघून गेलं होतं, पट्टा अजून भरभरून धावत होता, आणि वर बेंबी एक घोटसुद्धा पीत नव्हती. ती जिवंत बेंबीच नव्हती. मागच्या जहाजाच्या वेळी त्याच तोंडावर पडलेला तो जुना खळगा होता, आठवडाभराच्या धुक्यानं त्याच्यावर कवच धरलं होतं. जिवंत बेंबी पांढरीशुभ्र असते, मेलेली जराशी करडी. धुक्यात दोन्ही सारख्याच. तातांनी नियम मोडला नव्हता. त्यांना बेंबी दिसली होती. एवढंच की ती मागच्या जहाजाची होती.

मग हे सगळं मीठ येत कुठून होतं? डोंगराच्या पोटातून. तातांच्या पायाखालून.

मी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "ताता, बेंबी पीत नाहीये. हळूच मागे या. आलात त्याच चाकोरीनं मागे या."

"पीत नाही कशी? मी एवढं लोटतोय म्हणून भरलेली दिसते."

"ताता, ती जुनी आहे. खाली पोकळ झालंय."

"पोरी," ते म्हणाले, आणि आवाजावरूनच मला कळलं की हे बिनसलं, "तुला दात आले नव्हते तेव्हापासून मी या डोंगरावर आहे. आज शेवटच्या दिवशी तू मला बेंबी दाखवणार? मुकादमकी तिकडे धक्क्यावर कर." आणि खट् आवाज आला. वॉकीटॉकी बंद करून ठेवली त्यांनी.

मी शिवी दिली. कुठली ते सांगत नाही, कारण ते माझे धर्मपिता आहेत.

नेमेसिओनं आमचं बोलणं ऐकलं होतं. तो बोगद्याच्या तोंडाशी पांढराफटक पडून उभा होता. "मुकादमबाई, थांबवू पट्टा?"

"हात लावशील तर याद राख!" मी ओरडले.

तो चमकला, पण लगेच त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला. पट्टा अचानक थांबला की आमच्याकडचा कुठलाही डोझरवाला एकच गोष्ट समजतो: खाली तोंडात ढेकूळ अडकलं. आणि मग तो एकच गोष्ट करतो. पातं खाली टेकवून सरळ बेंबीत घुसतो, ढेकूळ फोडायला. याला विचार लागत नाही, हातच करतात. पट्टा थांबवला असता तर ताता त्या कवचाच्या बरोबर मधोमध गेले असते. चालू ठेवला तर खालची पोकळी वाढत होती. कुणाला वर पाठवावं तर चढायला वेळ लागणार, आणि हाक मारून ताता ऐकणार? इंजिनाच्या आवाजात त्यांना स्वतःचंच ऐकू येत नव्हतं.

इंजिनाच्या आवाजावर मात करणारी एकच गोष्ट धक्क्यावर होती, आणि ताता जिचं ऐकतील अशीही तीच एक.

मला सुचायला वेळ लागला नाही. मला कधीच लागत नाही, म्हणून तर मी मुकादम आहे. पण ते मागायला मन होईना. कारण ती गोष्ट आयुष्यात एकदाच मिळते, आणि त्यासाठी त्या माणसानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

जहाजाशी बोलायची दुसरी वॉकीटॉकी माझ्या कमरेला होती. "कॅप्टन, तीन वाजवा. आत्ता."

"आत्ता?" कॅप्टन हसला. "बाई, माझं निम्मं जहाज रिकामं आहे."

"माहीत आहे. वाजवा."

"भरण्याआधी तीन वाजवले तर माझी माणसं काय म्हणतील? अपशकुन—"

"मकाराएगसाहेब," मी म्हणाले, "तुम्ही ज्या माणसाच्या घरी रोट्या खाता तो माणूस पोकळ मिठावर उभा आहे. वाजवा, आणि काय विचारायचं ते मग विचारा."

भोंगा वाजला.

एक. समुद्रपक्षी एकदम उडाले. धक्क्यावरची माणसं काम टाकून बघायला लागली. पालोमा अजून लोटत होती.

दोन. पालोमा थांबली.

तीन.

डोझरचा आवाज बंद झाला. असा शुकशुकाट झाला की पट्ट्यावरून घरंगळणारं मीठ ऐकू यायला लागलं. मी डोळ्यांवर हात धरून बघत होते. ताता बराच वेळ आत बसून राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला इथून दिसत होतं. जहाज निम्मं रिकामं, पातं अर्धं भरलेलं, आणि त्यांचे तीन वाजून गेले होते. पण तीन वाजले म्हणजे वाजले. ताता फिदेन्सिओ रीत मोडणारा माणूस नव्हे. मी त्यावरच पैज लावली होती.

ते उतरले. वाकले. मूठभर मीठ उचललं. आणि मग, देवा रे, ते उभे राहून पालोमाच्या पत्र्यावरून हात फिरवायला लागले.

"चला ना," मी पुटपुटले. "चला, म्हाताऱ्या, चला. नंतर लाड करा."

शेवटी ते वळले आणि चालायला लागले. यंत्राचं वजन वेगळं आणि माणसाचं वेगळं. कवचावर माणूस काय, बकरी काय, सहज चालून जाते. तरी ते डोंगराच्या उतारावर, पक्क्या बाजूला पोचेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग नेमेसिओला खूण केली आणि त्यानं पट्टा थांबवला.

ताता धक्क्यावर आले ते सरळ माझ्यासमोर. चेहरा लालबुंद. शर्टावर एक सुरकुती नव्हती.

"का?" ते म्हणाले.

"ताता, खाली पोकळ—"

"माझा भोंगा होता तो! चाळीस वर्षं मी लोकांचे ऐकले. माझा एक होता. एक! आणि तू तो निम्म्या रिकाम्या जहाजावर उधळलास? माझ्यावर राग काढता येत नव्हता म्हणून असा काढलास?"

"मी तुमचा जीव—"

"माझा जीव माझ्या हातात होता!" त्यांनी खिशातलं मीठ काढलं आणि ते माझ्या पायांवर फेकलं. "घे. घाल तुझ्या पातेल्यात."

धक्क्यावरचे सगळे खाली बघत होते. कॅप्टन जहाजाच्या कठड्याला धरून उभा होता. आणि डोंगर? डोंगर मुकाट उभा होता. एक खडा हलत नव्हता. पालोमा उन्हात चमकत होती. सगळ्यांनी आधी डोंगराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. खरं सांगते, त्या क्षणी मलाही एकदा वाटून गेलं, की चुकले असेन तर? चुकले असेन तर या माणसाला मी तोंड दाखवणार नाही.

पण मी पाहिलं होतं. बेंबी पीत नव्हती. मी चुकले नव्हते.

"मी पालोमाला खाली घेऊन येतो," ताता म्हणाले. "यंत्र वर सोडून माणूस घरी जात नाही."

"तुमचे तीन वाजलेत. यंत्राला हात लावायचा नाही."

"ते तीन मी मोजत नाही!" आणि ते वळले.

मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. ते माझ्यापेक्षा हातभर उंच. मी त्यांच्या छातीच्या गुंड्यांकडे बघत म्हणाले, "ताता, या धक्क्यावर मुकादम कोण?"

त्यांनी माझ्या डोक्यावरून डोंगराकडे बघितलं.

"कोण मुकादम? बोला. मी नाही असं म्हणा, मी बाजूला होते."

त्यांचा जबडा हलला. नेमेसिओ मध्ये पडायला पुढे आला होता, तो तिथेच थबकला. तातांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डोंगरानंच उत्तर दिलं.

आधी एक आवाज आला, खोल, कुणीतरी झोपेत उसासा टाकावा तसा. मग पालोमाच्या खालची जमीन चिरली. पिवळं यंत्र पुढे झुकलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि नाकावर आत गेलं. मागून बाजूचं मीठ सरसरत आलं, येतच राहिलं. पांढरी धूळ उठली आणि वाऱ्यावर आमच्यापर्यंत आली. ती बसली तेव्हा डोंगराच्या माथ्यावर चर्च मावेल एवढी बेंबी पडली होती, पांढरीशुभ्र, आणि पालोमाचा कुठे मागमूस नव्हता.

वर कॅप्टननं छातीवर क्रूस काढला.

ताता बघत राहिले. त्यांचे हात खाली लोंबत होते. मी धरायला गेले तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. रागानं नाही. मग ते घराच्या वाटेला लागले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले आणि मग नाक पुसलं, कारण रडायला माझ्याकडे वेळ नव्हता. माझं निम्मं जहाज रिकामं होतं.

तिसरं तोंड मी बंद करून टाकलं. बोगद्याच्या पार दुसऱ्या टोकाचं तोंड उघडलं, दुसरा डोझर मागवला, आणि या वेळी स्वतः डोंगरावर जाऊन, खळगा माझ्या डोळ्यांदेखत खचताना बघून मगच माणसाला वर सोडलं. आता तोच आमचा नियम आहे. बेंबी नुसती दिसून चालत नाही, पिताना दिसली पाहिजे. पालोमाला नंतर उकरून काढलं, तेव्हा नेमेसिओ म्हणाला, "लोणचं चांगलं मुरलंय." पण ते पुष्कळ नंतर. त्या दिवशी कुणी विनोद करत नव्हतं.

सूर्य कलला तेव्हा शेवटचा खण भरला. जहाज पाण्यात छान सरळ बसलं होतं, ना पुढे झुकलेलं, ना मागे. दोर सुटायला लागले. एवढ्यात नेमेसिओनं मला कोपरानं ढोसलं.

ताता येत होते. तोच शर्ट, तीच टोपी. ते धक्क्यावर आले आणि डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पडावातून पडलेलं मीठ सांडलेलं असतं, तिथे येऊन थांबले. खाली वाकले नाहीत. नुसते उभे राहिले. मला कळेना काय करावं. शेवटी मीच गेले.

"काय ताता?"

ते समुद्राकडे बघत होते. "ओतिलियानं रस्सा केलाय. कालवांचा."

"बरं."

"आळणी आहे. ती दुसरं मीठ घालत नाही. म्हणते, फेकलंत तर जाऊन घेऊन या, नाहीतर आळणीच गिळा." त्यांनी घसा खाकरला. "मी म्हटलं, माझा आता त्या डोंगरावर हक्क नाही. तर म्हणाली, हक्क नसेल तर मागा."

ते माझ्याकडे वळले. डोळे सुजलेले होते. हा माणूस दिवसभर रडला होता, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"मुकादमबाई," ते म्हणाले, "मूठभर मीठ घेऊ का?"

तीन वर्षं मी त्या शब्दाची वाट बघितली होती. आला तर काय काय ऐकवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मूठभरानं काय होतंय?" मी म्हणाले. "काकूचं पातेलं केवढं असतं ते मला माहीत आहे. टोपी करा पुढे."

त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. मी फावडं घेतलं आणि वरचं करडं मीठ बाजूला सारून खालचं पांढरं, स्वच्छ मीठ टोपीत ओतलं, काठोकाठ.

तेवढ्यात जहाजानं माझा भोंगा दिला, एक लांब. धक्क्यावरच्या सगळ्या टोप्या निघाल्या. तातांची आधीच हातात होती, मिठानं भरलेली. ती डोक्यावर घालायची सोयच नव्हती, म्हणून ते तसेच उघड्या डोक्यानं उभे राहिले, भोंगा थांबेपर्यंत. सोय असती तरी उभे राहिले असते.

जहाज वळलं. तातांनी टोपी पोटाशी धरली आणि वाटेला लागले. दोन पावलं गेले आणि थांबले.

"येतेस ना जेवायला?" ते म्हणाले. "मीठ कमी पडलं तर चूक मुकादमाची."